चिरंजीवास पत्र : 20 तासांची अट आणि जामीनदाराचा सातबारा

मंगरूळपीर



इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवी वा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला विद्यापीठाचे सत्र चालू असताना आठवड्यास 20 तासांहून अधिक पगारी काम करता येत नाही. हा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, दोन ठिकाणी काम केल्यास दोन्हीकडचे तास एकत्र धरले जातात, आणि ही अट मोडणे तेथील 1971 च्या इमिग्रेशन कायद्याखाली गुन्हाही ठरू शकते. चिरंजीवास हे ठाऊक नसेल असे मानण्यास जागा नाही, कारण फौजदारी न्यायव्यवस्था, म्हणजे पोलीस, सरकारी अभियोग, न्यायालय आणि तुरुंग यांचा परस्परांशी चालणारा व्यवहार, हाच त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. तरीही गावात अशी वार्ता पोहोचली आहे की, चिरंजीव रात्री एका गोदामात माल भरतो, मोबदला रोख घेतो आणि सकाळच्या तासांना गैरहजर असतो. वार्ता कोणत्या घरातून निघाली हे त्याने ओळखलेच असेल, आणि त्या घराला तिखटमीठ लावण्याची सवय आहे हेही सर्वांस माहीत आहे. परंतु रोखीचा तपशील त्या घराला आपणहून सुचणारा नव्हे, म्हणून हे पत्र लिहिणाऱ्या काकांना ती वार्ता निखालस खोटी म्हणून सोडून देता येत नाही.

पैसे कमी पडणे यात लाजण्यासारखे काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या ग्रेज इन या संस्थेत आणि त्याच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले; बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच 1917 साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, तेव्हा त्यांनी पुन्हा येण्याची परवानगी मागून ठेवली, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि शाहू महाराजांच्या साहाय्याची जोड घेऊन 1920 साली पुन्हा लंडन गाठले. मधली वर्षे वाया गेली असे त्यांच्याविषयी कोणी म्हणत नाही. चिरंजीवाने एक सत्र थांबावे, परत यावे, शेताचे बघावे आणि पुन्हा जावे, तरी घरात कोणी बोट दाखवणार नाही. मात्र रोखीचे काम पकडले जाऊन व्हिसा रद्द झाला तर ती नोंद पुढे अनेक देशांच्या व्हिसा अर्जात लिहावी लागेल, आणि फौजदारी न्यायव्यवस्थेच्या विद्यार्थ्याला ती इतरांहून जड जाईल.

विषयाची निवड उत्तम आहे, हे घरात फारसे कोणी बोलून दाखवले नाही. त्या विषयाची गरज येथील जामिनात दिसते. जामीन मंजूर होणे आणि आरोपी बाहेर येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तालुक्याच्या न्यायालयाबाहेर बसणारा कोणताही अर्जनवीस सांगू शकेल. जामीनदाराच्या नावे सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. भूमिहीन माणसाच्या ओळखीचे लोकही भूमिहीनच असतात, आणि मंजूर झालेला जामीन कागदावरच राहतो. मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे 10 हजारांचा जामीन मागून, जामीन राहणाऱ्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून खालच्या न्यायालयाने तो नाकारला होता. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवले. आजही देशातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही अशी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीला, फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसल्यास, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद केली; पण ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत त्याला तिचा लाभ नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला तरी चोरी झाली की पोलीस प्रथम पारध्याच्या पालावर जातात, हे वऱ्हाडात सांगावे लागत नाही. तेव्हा एकाहून अधिक प्रकरणे कोणाच्या नावावर असणार हेही उघड आहे.

इंग्लंडच्या 1976 च्या जामीन कायद्यात मुळात आरोपीला जामीन द्यावाच असे गृहीत आहे, आणि पैशांऐवजी ठरावीक पत्त्यावर राहणे, पोलीस ठाण्यात हजेरी देणे अशा अटींवर भर आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 2023 साली रोख जामीनच बंद केला. पैशांवाचून जामिनाची ही पद्धत जवळून पाहण्याची संधी काकांना मिळाली नाही. एलएल.बी. अर्धवट सोडून त्यांनी न्यायालयाच्या आवारात टेबल मांडले, जामीनदार न मिळालेल्यांच्या बायकांचे अर्ज लिहिले, लिहिणावळ घेतली, आणि मंगरूळपीर तालुका अकोला जिल्ह्यात असताना त्या बायका भेटीसाठी अकोल्याच्या एस.टी.त बसताना पाहिल्या. आपण वकील असतो तर निदान उभे राहून बोलता आले असते, हा सल अजून गेलेला नाही. चिरंजीवाच्या सकाळच्या तासांविषयी काकांचा जीव इतका अडकण्याचे कारण बहुधा हेच असावे, आणि त्यासाठी चिरंजीवाने त्यांना माफ करावे.

वरील मजकूर कठोर झाला आहे. वार्ता खोटी असेल तर तो वाचून हसावे. खरी असेल तर गोदाम याच आठवड्यात सोडावे आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षाकडे अडचण मांडावी. पैशांसाठी तूर अजून विकायची बाकी आहे आणि चढ्या भावाची वाट पाहण्याचा हट्ट काका सोडतील. जवसाची चटणी आणि लोकरी टोपी कुरिअरने निघाली आहे. रात्री काय खाणे होते आणि खोली पुरेशी ऊबदार आहे का, हे चिरंजीवाने आईला न सांगता काकांना कळवावे, आणि काम सोडल्यामुळे महिन्याला किती कमी पडतील तो आकडा लिहावा. मोठा असला तरी लिहावा.