खामगावहून एक दिवस : जुनी मशीद आणि जुने तलाव

खामगाव आपल्याला ठाऊक आहे ते बाजाराचे गाव म्हणून. कापूस विकायला जायचे, बियाणे आणायचे, कोर्टाचे किंवा दवाखान्याचे काम असेल तर ते उरकायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. नुसते पाहण्यासाठी म्हणून आपण कोठे जात नाही. या धड्यात मात्र आपण त्यासाठीच निघणार आहोत. खामगावहून सकाळी निघून बुलढाणा जिल्ह्यातली एक जुनी मशीद आणि दोन जुने तलाव पाहू.

चार-सहा जणांनी मिळून एक जीप ठरवावी. एस. टी. नेही जाता येते, पण गाड्या बदलाव्या लागतात, आणि वेळ फाट्यावर उभे राहण्यातच जातो. भाकरी बरोबर घ्यावी. एक वही आणि पेन्सिलही घ्यावी.

गावाजवळच जनुना तलाव आहे. खामगाव शहराने पुष्कळ वर्षे याच तलावाचे पाणी प्यायले. सकाळी लवकर निघालात तर दहा मिनिटे तेथे थांबा. पक्षी दिसतील. पुढे गाडी चिखलीच्या रस्त्याला लागते आणि चढण सुरू होते. वऱ्हाडात पूर्वीपासून दोन भाग मानतात. खाली सपाटीचा तो पायनघाट, आणि डोंगर चढून वरचा तो बालाघाट. खामगाव पायनघाटात आहे. वर गेले की काळी खोल जमीन कमी होते, मुरूम दिसू लागतो, हवाही जरा गार लागते. चिखलीहून मेहकरच्या रस्त्याने जाताना लव्हाळा लागते. तेथून वळले की साखरखेर्डा.

साखरखेर्ड्याला लोक जातात ते बहुधा प्रल्हाद महाराज रामदासींच्या स्थानाला, नाहीतर पलसिद्धाच्या मठाला. त्याच गावात एक दगडी मशीद आहे. ती १५८१ साली खुदावंदखान महदवी नावाच्या सरदाराने बांधली. महदवी हा मुसलमानांतला एक पंथ आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. म्हणजे महाराज जन्मले तेव्हा ही मशीद सुमारे पन्नास वर्षांची होती.

मशिदीत जाण्याआधी दोन गोष्टी पाळाव्यात. एक, नमाजाची वेळ सोडून जावे, आणि शुक्रवारी दुपारी तर जाऊच नये. दुसरी, तेथे जो कोणी असेल त्याला विचारावे, "भाऊ, आत पाहू का?" जोडे बाहेर काढावेत, डोक्यावर पदर किंवा रुमाल घ्यावा. कोणी नाही म्हटले तर बाहेरून पाहावे. बाहेरूनही पाहण्यासारखे पुष्कळ असते.

काय पाहायचे? आधी दिशा पाहा. नमाज पढताना तोंड मक्केकडे करतात. मक्का आपल्या पश्चिमेला आहे. म्हणून आपल्याकडच्या मशिदीची मागची भिंत पश्चिमेला येते, आणि त्या भिंतीत मधोमध एक कोनाडा असतो. त्याला मेहराब म्हणतात. परक्या गावात दिशा चुकली तर मशीद पाहून पश्चिम ओळखता येते. मग कमानी पाहा. कमानीत दगड एकमेकांना असे दाबून धरतात की कोणालाच खाली पडता येत नाही. बहुतेक मोठ्या मशिदींच्या अंगणात पाण्याचा हौदही असतो, कारण नमाजाआधी हात, पाय, तोंड धुवायचे असते. देवळापुढेही बारव किंवा कुंड असतेच.

जुन्या मशिदींच्या दगडांवर पुष्कळदा अरबी किंवा फारसी अक्षरे कोरलेली असतात. त्यांत कोणी बांधले आणि कोणत्या साली, हे असते. ते साल मात्र हिजरी असते. त्याची गंमत समजून घेऊ. हिजरी सन इसवी सन ६२२ पासून मोजतात. मग १५८२ साली हिजरी सन किती असेल? १५८२ मधून ६२२ वजा केले तर ९६० उरतात. पण त्या वर्षी हिजरी सन ९९० चालू होता. हे तीस कोठून वाढले? हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे दर ३२ वर्षांत त्यांचे एक वर्ष जास्त मोजले जाते. ९६० ला ३२ ने भागून पाहा, तीसच येतील.

आपले महिनेही चंद्रावरच चालतात. पण आपण साधारण तिसऱ्या वर्षी अधिक महिना धरतो, म्हणून दिवाळी कापूस वेचणीच्या आसपासच येते. मुसलमानांत अधिक महिना नाही. म्हणून मोहरम कधी पेरणीत येतो, तर कधी उन्हाळ्यात.

साखरखेर्ड्याची आणखी एक गोष्ट आहे. १७२४ साली या गावाजवळ मोठी लढाई झाली. दिल्लीच्या दरबाराला दख्खनचा कारभार निजाम-उल्-मुल्काच्या हातून काढून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी हैदराबादच्या मुबारिजखानाला त्याच्यावर उठवले. लढाईत मुबारिजखान मारला गेला. निजाम जिंकला, आणि तेव्हापासून हैदराबादचे राज्य म्हणायला दिल्लीचे, पण खरे पाहता स्वतंत्र झाले. ते १९४८ पर्यंत टिकले. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात आपल्या या गावच्या शिवारात झाली. फतेह म्हणजे विजय. म्हणून गावाला फतेहखेर्डा असे नवे नाव दिले. सरकारी कागदात ते नाव पुष्कळ दिवस राहिले. लोकांच्या जिभेवर मात्र साखरच राहिली.

येथे एक घोटाळा होतो तो टाळावा. हा हैदराबादचा निजाम वेगळा, आणि अहमदनगरचा निजामशहा वेगळा. १५७४ साली वऱ्हाड घेतले ते अहमदनगरच्या निजामशहाने. मशीद बांधली तेव्हा येथे त्याचेच राज्य होते. आणि आता आपण जेथे जाणार, त्या सिंदखेडचे लखुजी जाधव हेही निजामशाहीतलेच मोठे सरदार.

सिंदखेड राजा म्हणजे जिजाऊंचे माहेर. १५९८ साली त्या येथे जन्मल्या. १२ जानेवारीला येथे किती गर्दी होते, ते सांगायला नको. गर्दी राजवाडा पाहते आणि परत फिरते. आपण तलावांकडे जाऊ. मोती तलाव आणि चांदणी तलाव, हे दोन्ही जाधवांच्या काळातले. मोती तलावाचा बांध दगडी आहे आणि त्यात बसण्याउठण्याजोगे बांधकाम केले आहे. चांदणी तलावात मधोमध इमारत आहे. दिवाळीच्या सुमारास, पाणी असताना, बांधावर बसून भाकरी खावी. दिवसातली सर्वांत चांगली घटका हीच, असे आम्हाला वाटते.

बसल्या बसल्या तलावाकडे शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहा. तलावाचे निम्मे काम डोळ्यांना दिसत नाही. पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटते. बांध घालणाराने हे ओळखले होते. पण पावसाचे पाणी एकटे येत नाही, वरच्या शेतांची माती घेऊन येते. तलावात आले की पाण्याचा वेग मंदावतो आणि माती खाली बसते. असे दरसाल होते. तलावाचा काठ तोच राहतो, तळ मात्र वर येत जातो. वरून पाहणाऱ्याला तलाव भरलेला दिसतो, पण पाणी असते थाळीतल्याइतके. मग माघातच तळ उघडा पडतो आणि खालच्या विहिरी आटतात.

यावर उपाय एकच, गाळ काढणे. आपल्या जिल्ह्यात याची एक नवी रीत निघाली. महामार्गाच्या कामाला माती आणि मुरूम लागतो. तो टेकड्या फोडून आणण्याऐवजी तलाव आणि नाले खोल करून घेतला. रस्ताही झाला, पाण्याला जागाही झाली. याला 'बुलढाणा पॅटर्न' असे नाव पडले. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. गाळ शेतात न्यायचा, तो हलक्या आणि मुरमाड रानात टाकावा. आधीच काळी चिकण जमीन असेल तर उगीच भाड्याचे पैसे घालवू नयेत. जुन्या दगडी बांधाला मात्र कोणी परस्पर यंत्र लावू नये. बांधाचा एक दगड हलला तर तो पुन्हा तसा बसवणारा कारागीर आज सहज मिळत नाही.

निघण्याआधी लखुजींची समाधी पाहा. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, लखुजी आणि त्यांचे मुलगे मारले गेले. ज्याची चाकरी केली त्यानेच घात केला. या समाधीजवळ २०२४ साली पुराणवस्तू खात्याने खोदकाम केले, तेव्हा मातीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. लखुजींच्याही आधीची माणसे येथे पूजा करीत होती, असे त्यावरून कळते.

अशा जागी नवे वाचायला शिकलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. अक्षर येऊ लागले की आपले नाव कोठेतरी लिहावेसे वाटते. त्यासाठीच वही बरोबर घ्यायची. साखरखेर्ड्याची मशीद केंद्र सरकारने राखलेली वास्तू आहे. अशा वास्तूची नासधूस केली, भिंतीवर कोरले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. बाहेर पाटी असेल तर ती सावकाश, अक्षर लावून वाचा आणि साल वहीत उतरवून घ्या.

याच खुदावंदखानाने पुढच्याच वर्षी, १५८२ साली, दुसरी मशीद बांधली. ती मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी, रोहिणखेडला आहे. तीही राखलेली वास्तू आहे. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच तेथे निजामशाहीच्या गादीवरून लढाई झाली आणि महदवींचा पुढारी जमालखान तीत पडला. काही जण दोन्ही मशिदी, तलाव आणि वर लोणारचे सरोवर, सगळे एकाच दिवसात उरकतात. ते पाहणे नव्हे, नुसती धावाधाव आहे. लोणारला तर उल्का पडून झालेला खड्डा आहे, त्याला निराळा दिवस हवा. रोहिणखेड खामगावकरांना नांदुरा-मोताळ्याच्या बाजूने घाट न चढता गाठता येते. त्या दिवशी दुपारपर्यंत परत येता येईल, आणि बाजाराचे कामही होईल.