अ‍ॅप एक, परवानग्या दोन दारच्या

फ्लटरमध्ये अ‍ॅप करायला घेतलं की ‘एकच कोड, दोन्हीकडे चालतो’ या भरवशावर गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसू नका. पडद्यावरचं सगळं दोन्हीकडे चालतं, हे खरं. पण कॅमेरा, लोकेशन, नोटिफिकेशन म्हटलं की अँड्रॉइडची परवानगी वेगळी, आयफोनची वेगळी, आणि दोन्ही आपल्याच हातानं लिहाव्या लागतात.

आदिलाबादेत कापसाच्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही अ‍ॅप केलं. शेतकऱ्यानं ढिगाचा फोटो नि लोकेशन पाठवायचं, इकडून गाडी निघायची. ऑफिसात फोनला वायर लावून पाहिलं, सगळं सुरळीत. बेला मंडलात एपीके वाटली आणि फोन आला, “भाऊ, फोटो तं निघते, पण जातच नाही.” पैनगंगेकाठचं गाव, म्हणून सगळ्यांनी टॉवरला दोष दिला. रेंज मात्र पुरेशी होती.

फ्लटर नवा प्रोजेक्ट तयार करतं तेव्हा इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये घालून देतं, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नाही. त्यामुळे वायरवर नेट चालतं, रिलीज बिल्डमध्ये चालत नाही. मुख्य मॅनिफेस्टमध्ये एक ओळ टाकली, मिटलं. गंमत अशी, की फायरबेसचं नोटिफिकेशनचं प्लगिन आम्ही नंतर जोडलं. ते आधी असतं, तर ही परवानगी त्यानंच सोबत आणली असती आणि ही उणीव कुणाला कळलीही नसती. म्हणून शेवटची परीक्षा नेहमी रिलीज बिल्डची घ्या, तीही साध्या, स्वस्त फोनवर.

व्यापाऱ्याकडे आयफोन. कॅमेऱ्याच्या बटणाला हात लावला की अ‍ॅप बंद. इन्फो डॉट पीलिस्टमध्ये कॅमेरा कशासाठी हवा ते वाक्य लिहिलेलं नसेल, तर आयफोन विचारत बसत नाही, अ‍ॅपच पाडतो. लोकेशनलाही असंच वाक्य लागतं.

लोकेशनची खरी गोची अँड्रॉइड १२ पासूनची. तिथे ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात. ‘अंदाजे’ निवडलं की सुमारे तीन चौरस किलोमीटरमधलं कुठलंही ठिकाण मिळतं. म्हणजे शेत एका शिवारात आणि नकाशावरची खूण दुसऱ्याच. परवानगी मिळाली एवढ्यावर थांबू नका, कोणती मिळाली ते कोडमध्ये तपासा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी मागावी लागते.

आणि विचारण्याआधी कारण सांगा, मराठीत. इथे कित्येकांचे फोन तेलुगूत किंवा हिंदीत असतात. चौकटीतलं न वाचताच ‘नको’ दाबलं जातं. २०२५ पासून सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीसाठीही ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते, तेव्हा फोनशी झटापट गावाला नवी नाही. पण दर अ‍ॅपचे प्रश्न वाचायला वेळ कुणाकडे आहे! अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार दिला की फोन पुन्हा विचारतच नाही. त्या वेळेसाठी अ‍ॅपची सेटिंग थेट उघडणारं बटण ठेवा. ऐन हंगामात फोनवरून ‘आता सेटिंगमध्ये जा, मग अ‍ॅप्स उघडा’ असं एकेकाला सांगत बसणं जमत नाही.