दिवसा काम, रात्री यंत्रविद्या

बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी बसवतो, ते तुम्ही पाहिले असेल. आता पुष्कळ गाड्यांना रबरी चाके आली, पण लाकडी चाक अजून कुठे कुठे दिसते. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहानच करतो. मग गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवतो. तापली की ती वाढते आणि चाकावर बसते. वरून पाणी ओतले की आवळते. मग ती काही केल्या निघत नाही.

धाव लहान करायची ती किती? लोहाराला विचारा. तो म्हणेल, "अंदाजानं." त्याचा अंदाज खरा ठरतो, कारण त्याच्यामागे बापाचा आणि आज्याचा हात असतो. पण हाच अंदाज आकड्यांतही मांडता येतो. लोखंडाची एक मीटर लांब पट्टी शंभर अंश तापवली, तर ती सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. धावेचा घेर चार मीटर धरा. शंभर अंशांना ती पाच मिलिमीटर वाढेल. पाचशे अंशांना पंचवीस. घेर पंचवीस मिलिमीटर वाढला म्हणजे धावेची रुंदी, या काठापासून त्या काठापर्यंत, साधारण आठ मिलिमीटर वाढली. झाला हिशेब!

वाफेच्या आगगाडीच्या इंजिनाला चाकांवर पोलादी कडी असत. तीसुद्धा अशीच तापवून बसवीत. तिथे कडे सैल राहिले तर गाडीभर माणसांच्या जिवाशी खेळ. म्हणून तिथे अंदाज पुरत नाही, आकडा लागतो. या आकड्यांच्या विद्येला यंत्रविद्या किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग म्हणतात.

आता ही विद्या शिकायची कोणी? आपल्याकडे अशी समजूत आहे की, ज्याच्या हाताला काळे लागते त्याने हात चालवावा, आणि पुस्तक दुसऱ्याने वाचावे. आम्हाला ही समजूत कधीच पटली नाही. इंग्लंडात गावोगावच्या मोठ्या पेठांत 'फर्दर एज्युकेशन कॉलेज' असते. शाळा सुटलेल्यांना तिथे धंद्याचे शिक्षण मिळते. चार दिवस कारखान्यात आणि एक दिवस कॉलेजात, अशी तिथली एक जुनी पद्धत आहे. शिकाऊ कामगाराला कॉलेजच्या दिवसाचाही पगार मिळतो. काही जण मात्र दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला जातात. गणित, ड्रॉइंग, धातूंचे गुण, उष्णता, कोणता बोल्ट किती ओझे पेलेल याचा हिशेब, असे विषय असतात. सोमवारी ज्या लेथवर हात चालला, त्याच लेथचे गणित शुक्रवारी फळ्यावर येते. पोरगा कॉलेजातून परत कामावर येतो तेव्हा त्याला आपलेच यंत्र नव्याने दिसते. नुसत्या कॉलेजात बसणाऱ्याला हे साधत नाही.

ही वाट कोणी दाखवली, ते ऐका.

जॉर्ज स्टीफनसन १७८१ साली न्यूकॅसल शहराजवळ वायलम गावी जन्मला. बाप कोळशाच्या खाणीत, पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीवर होता. घरात आईबाप आणि सहा पोरे, आणि राहायला खोली एकच. शाळेचे नाव नको. जॉर्जची पहिली कमाई गुरे राखण्याची, दिवसाला दोन पेन्स. पुढे तोही खाणीतल्या इंजिनावर लागला. सुट्टीच्या दिवशी तो इंजिन खोलून पुसून परत जोडी. पण अठरा वर्षांचा झाला तरी त्याला अक्षर येत नव्हते. कोणी वर्तमानपत्र वाचले तर भट्टीच्या उजेडात बसून ऐकायचे, एवढेच. वॅटसाहेबाच्या नव्या इंजिनाची माहिती पुस्तकात आहे, असे त्याला कळले. मग त्याला चैन पडेना.

तो रात्रीच्या शाळेत जाऊ लागला. आठवड्यात तीन रात्री, फी तीन पेन्स. एकोणिसाव्या वर्षी त्याला स्वतःचे नाव लिहिता आले. मग गणितासाठी त्याने दुसरा मास्तर धरला. तिथे फी चार पेन्स. मास्तर पाटीवर गणिते घालून देई. दिवसा भट्टीपाशी जरा उसंत मिळाली की जॉर्ज ती सोडवी आणि संध्याकाळी पाटी तपासायला नेई. पैसा कमी पडे म्हणून तो जोडे दुरुस्त करी, घड्याळे दुरुस्त करी. आम्ही चाळीस वर्षे पाट्या तपासल्या, पण असा विद्यार्थी विरळा.

१८११ साली किलिंगवर्थच्या खाणीतले पाणी एका पंपाला उपसेना. भले भले हात टेकून बसले. जॉर्जने तो पंप दुरुस्त केला आणि थोड्याच दिवसांत खाण कोरडी झाली. पुढच्या वर्षी त्याला यंत्रांवरचा मुख्य कारागीर नेमले. १८१४ साली त्याने वाफेचे धावते इंजिन केले.

पण हिशेब कच्चा राहिला तर काय होते, तेही त्याला भोगावे लागले. १८२५ साली लिव्हरपूल ते मँचेस्टर लोहमार्गाचा प्रश्न पार्लमेंटपुढे आला. जमिनीच्या चढउताराची मोजणी त्याच्या हाताखालच्या माणसांनी केली होती. तिच्यात चुका निघाल्या. वकिलांनी त्याची टर उडवली आणि बेत फेटाळला गेला. पुढच्या वर्षी नव्या मोजणीवर परवानगी मिळाली. काम पुन्हा त्याच्याकडेच आले, आणि १८३० साली तो मार्ग सुरूही झाला.

मुलाला, रॉबर्टला, त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. मुलगा पुस्तके घरी आणी, आणि रात्री बापलेक मिळून वाचीत. हाच रॉबर्ट पुढे मोठा इंजिनिअर झाला. मुंबई ते ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. ती चालवणाऱ्या कंपनीचा सल्लागार इंजिनिअर रॉबर्टच होता.

१८४७ साली इंग्लंडात यंत्र-इंजिनिअरांची संस्था निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफनसन. १९२१ साली याच संस्थेने सरकारी शिक्षण मंडळाबरोबर कामावरच्या माणसांसाठी प्रमाणपत्र-परीक्षा सुरू केल्या. पहिले प्रमाणपत्र तीन वर्षांचे, त्यावरचे उच्च प्रमाणपत्र आणखी दोन वर्षांचे. दिवसभर घण मारायचा आणि रात्री वर्गात बसायचे, अशी पाच वर्षे! डोळे मिटतात, घरचे कुरकुरतात. पुष्कळ जण मध्येच सोडतात, आणि बहुधा गणितात अडून सोडतात. उच्च प्रमाणपत्र आजही आहे. काम सांभाळून शिकणाऱ्याला ते साधारण दोन वर्षांत मिळते.

आता पाटी घ्या. तीन मीटर घेराची धाव चारशे अंश तापवली, तर तिचा घेर किती मिलिमीटर वाढेल? उत्तर काढून मग लोहाराला दाखवा. तो काय म्हणतो, तेही लिहून आणा.