ऑर्गन, पेटी आणि आपला आवाज



मिस्साबलिदानात प्रवेशगीत सुरू होण्याआधी पहिला सूर वाद्याचा लागतो आणि मग आपण सारे गाऊ लागतो. आपल्या भागात हे वाद्य म्हणजे पेटी किंवा कीबोर्ड. ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र हा मान मुख्यतः पाइप ऑर्गनला मिळाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यातील १२० व्या परिच्छेदात लॅटिन ख्रिस्तसभेने पाइप ऑर्गनचा आदर राखावा असे सांगितले आहे. उपासनेला योग्य असलेल्या किंवा योग्य करता येणाऱ्या इतर वाद्यांनाही त्याच परिच्छेदाने दार उघडले आहे. या पाठात आपण ऑर्गनची ओळख करून घेऊ आणि आपल्या पेटीने त्याच्याकडून काय घ्यावे ते पाहू.

१. ऑर्गन ख्रिस्तमंदिरात कसा आला?

ऑर्गनचा जन्म ख्रिस्तमंदिरात झाला नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरातील क्टेसिबिअस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबाने हवा स्थिर ठेवून नळ्या वाजवणारे यंत्र तयार केले. रोमन लोकांनी ते खेळांच्या मैदानात आणि समारंभात वाजवले. इ.स. ७५७ मध्ये पूर्वेकडील सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याने फ्रँक राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला, तोही राजदरबारासाठी. पुढे मठांतून आणि कॅथीड्रलांतून ऑर्गन रुळला. कोणतेही वाद्य जन्मतः पवित्र नसते, ते ज्या सेवेला लागते तिच्यामुळे त्याला मान मिळतो, ही पहिली गोष्ट आपण लक्षात ठेवू.

२. नळ्या आणि वारा

बासरीत फुंकर घातली की आतली हवा थरथरते व सूर निघतो. ऑर्गन म्हणजे अशा शेकडो, कधी हजारो बासऱ्यांचा समूह. भात्यातून आलेला वारा एका बंद लाकडी पेटाऱ्यात साठतो, त्या पेटाऱ्यावर नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते आणि नळी बोलू लागते. विजेचे पंखे येण्यापूर्वी भाता हलवायला माणसे लागत. लोकांना संगीत ऐकू येई, पण ही माणसे सहसा कोणाच्या नजरेस पडत नसत.

नळी जितकी लांब, तितका सूर खाली. पेटीवाले ज्याला पांढरी एक म्हणतात, त्या स्वराच्या खर्जासाठी सुमारे आठ फुटांची उघडी नळी लागते. तिच्या दुप्पट, सोळा फुटांची नळी एक सप्तक खाली बोलते. मोठ्या ऑर्गनमध्ये बत्तीस फुटांच्या नळ्याही असतात. त्यांचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे सोळा कंपनांचा, म्हणजे कानांपेक्षा पायाखालच्या फरशीला अधिक जाणवणारा. सर्वांत लहान नळी मात्र पेन्सिलीपेक्षाही छोटी असते.

नळ्या केवळ धातूच्याच असतात असे नाही. फिलिपिन्स देशात लास पिन्यास येथील संत योसेफाच्या मंदिरात फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात बांबूचा ऑर्गन बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. १९७० च्या दशकात तो दुरुस्तीसाठी जर्मनीला नेला आणि पुन्हा मायदेशी आणला. आपल्या विदर्भात बांबू नवा नाही, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे. गावाजवळ जे उगवते त्यातूनही उपासनेचे वाद्य घडू शकते.

आपल्या राज्यात पाइप ऑर्गन फार थोडे. मुंबईच्या फोर्ट भागातील, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. ते मंदिर मूळ अँग्लिकन परंपरेचे. एवढे मोठे वाद्य महाग असतेच, शिवाय आपल्या हवेत लाकूड फुगते, चामडे सुकते आणि दुरुस्तीचे जाणकारही सहज मिळत नाहीत.

३. वादकाची बैठक

वादक जेथे बसतो तेथे पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक ओळी पायरीसारख्या एकावर एक असतात. पायांसाठी वेगळ्या लाकडी पट्ट्या असतात, साधारण तीस किंवा बत्तीस. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी चालतात. बाजूला खुंट्या असतात. एक खुंटी ओढली की बासरीसारख्या नळ्या बोलतात, दुसरी ओढली की तुतारीसारख्या. पेटीतील खर्ज, नर आणि मादी सुरांची कल्पना याच जातीची.

ऑर्गनची पट्टी जोराने दाबली तरी आवाज वाढत नाही. बोट पट्टीवर असेपर्यंत सूर अखंड राहतो, बोट उचलताच थांबतो. म्हणून कोठे बोट उचलावे आणि गाणाऱ्यांना कोठे श्वास घेऊ द्यावा, हे वादकाला शिकावे लागते. वाद्याला श्वासाची गरज नाही, पण लोकांना आहे. वादकाची खरी परीक्षा येथे होते.

४. ऑर्गनचे संगीत

रोमच्या संत पेत्र महामंदिराचे वादक फ्रेस्कोबाल्डी यांनी १६३५ मध्ये मिस्साबलिदानाच्या वेळी वाजवण्याच्या रचनांचे पुस्तक छापले. प्रोटेस्टंट परंपरेतील बाख (१६८५-१७५०) यांनी लोकांच्या ओळखीच्या भक्तिगीतांच्या चालींवर ऑर्गनच्या अनेक रचना केल्या. पॅरिसमध्ये सेझार फ्रँक आणि नंतर ऑलिव्हिए मेसियाँ यांनी वर्षानुवर्षे आपापल्या धर्मग्रामात रविवारची सेवा केली. मेसियाँ १९३१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, एकाच मंदिराचे वादक होते. जगप्रसिद्ध संगीतकार, पण दर रविवारी आपल्या जागी हजर!

पॅरिसच्याच नोत्र दाम कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. सुमारे आठ हजार नळ्यांचा तेथील मोठा ऑर्गन वाचला, पण त्यावर शिशाची धूळ बसली. तो सुटा करून साफ केला गेला. ७ डिसेंबर २०२४ रोजी मंदिर पुन्हा उघडले तेव्हा महागुरुस्वामींनी ऑर्गनला आठ वेळा हाक देऊन जागे केले आणि प्रत्येक हाकेला ऑर्गनने उत्तर दिले.

५. आपली पेटी

१८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दबाँ यांनी हार्मोनियम तयार केला. त्यात नळ्या नाहीत, पितळी पट्टी हवेने थरथरते. पायाने भाता चालवायचे हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर भारतात आले. मराठी संगीत नाटकांनीही पायपेटी जवळ केली आणि तिला ऑर्गन हेच नाव दिले. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल अशी पेटी प्रचारात आणली. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, कारण ती परकी आणि आपल्या स्वरांना अपुरी मानली गेली. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी तिला सोडले नाही. परके वाद्य सेवेने आपले झाले. ऑर्गनचे झाले तसेच पेटीचे.

६. मग आपण काय करावे?

कधी कधी कीबोर्डचा आवाज आणि त्यातला तयार ठेका इतका वाढतो की मागच्या बाकांवरचे आजी-आजोबा गाणे सोडून नुसते ऐकत बसतात. वाद्य सुरेल वाजले तरी तेथे उपासनेचे नुकसान होते. म्हणून काही गोष्टी पाळू या:

• वाद्याने गाण्याला आधार द्यावा, शब्द झाकू नयेत.
• प्रत्येक ओळीनंतर लोकांना श्वास घेण्यापुरती जागा द्यावी.
• धर्मगुरू समाजाच्या वतीने प्रार्थना म्हणत असताना वाद्य शांत असावे.
• रोमन विधीच्या नियमानुसार उपवासकाळात वाद्य फक्त गायनाला साथ देण्यापुरते वाजवावे. चौथा रविवार, महोत्सव आणि सण याला अपवाद आहेत.
• नवीन गीत आधी लोकांना शिकवावे, मगच वाजवावे.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १३ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील रेगन्सबर्ग येथे नव्या ऑर्गनला आशीर्वाद दिला. ऑर्गनमधली एखादी नळी बेसूर झाली तर जाणकार हाताने ती पुन्हा सुरात आणावी लागते, ख्रिस्तसभेतही तसेच आहे, अशा आशयाचे विचार त्यांनी तेव्हा मांडले. आपल्या समुद्रपूरच्या छोट्या समाजाला हे सहज पटेल. आपण थोडे आहोत, म्हणून एक जण गप्प राहिला तरी उणीव लगेच ऐकू येते. येत्या रविवारी पहिला सूर लागला की आपण प्रत्येकाने तोंड उघडावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न:
१. गेल्या रविवारी आपण किती गीते स्वतः गायलो?
२. आपल्या घरातील कोणी मूल पेटी शिकायला तयार आहे का?
३. गायकवृंदाला मदत म्हणून आपण काय करू शकतो?