एकाच चुलीवरचे दोन आजार

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळच्या वेळी दवाखान्यात सासू आणि सून अशा दोघीजणी आल्या. सासूबाई साठीच्या, अंगाने स्थूल. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम तीन आठवडे भरत नव्हती, म्हणून सुनेला सोबत घेऊन आल्या होत्या. रक्त तपासले तर साखर बरीच वाढलेली. रक्तदाबही जास्त. सून पंचविशीची. ती केवळ सोबत म्हणून आली होती, पण जिन्याच्या दहा पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग पांढराफटक. तिचेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले साडेआठ. स्त्रीचे ते किमान बारा असायला हवे.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आम्ही दोघी एकाच चुलीवरचं खातो. मग मला जास्तीचा आजार आणि हिला कमीचा, असं कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. आजच्या लेखात त्याचेच उत्तर पाहू. हे काही एका घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ६९ होते. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, असे पूर्वी म्हणत. आता तो मजुराच्या घरातही येऊन बसला आहे, आणि रक्तक्षय मात्र त्या घरातून गेलेला नाही.

पोट भरते, पोषण होत नाही

सासूबाईंना मी त्यांच्या घरचा दिवसभराचा आहार विचारला. सकाळी चहा आणि बिस्किटे किंवा खारी. दुपारी चपाती, बटाट्याची रस्साभाजी, भात. चार वाजता पुन्हा चहा. रात्री भात आणि पातळ आमटी. सणवार वगळता यात फारसा बदल नाही. कडधान्य आठवड्यातून एकदा, पालेभाजी "मिळाली तर".

या आहारात उपासमार नाही. पोट भरते. पण ताटात गहू, तांदूळ, बटाटा, साखर आणि मैदा, म्हणजे बहुतेक सगळा पिष्टमय भाग. डाळ, उसळ, पालेभाजी आणि फळ नावापुरते. ज्यांचे कष्ट कमी झाले आहेत आणि वय वाढले आहे, त्यांच्या शरीरात हा पिष्टमय भाग साखर आणि चरबी बनून साठतो. जिचे बाळंतपण झाले आहे, जिची दर महिन्याला पाळी येते, तिला लोह आणि प्रथिने जास्त लागतात, ती या ताटातून मिळत नाहीत. म्हणून एकीला जास्तीचा आजार आणि दुसरीला कमतरतेचा. मूळ दोन्हींचे एकच.

आमच्या लहानपणी गरिबाच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, हरभऱ्याचा पाला किंवा अंबाडीची भाजी असे. त्या काळी सगळे सुदृढ होते असे मुळीच नाही. कुपोषण तेव्हाही होते. पण त्या भाकरीत काही गुण होते. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते, पांढऱ्या सडलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. नाचणीत कॅल्शियम दुधाच्या सुमारे तिप्पट. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागले, त्याने अनेकांची भूक भागली, हे उपकारच आहेत. पण त्यासोबत ज्वारी-बाजरी ताटातून मागे सरली आणि तिची जागा भरून काढणारे दुसरे काही आले नाही.

माझीच एक चूक

येथे एक कबुली दिली पाहिजे. रक्त कमी असलेल्या स्त्रियांना मी पुष्कळ वर्षे सांगत आलो, "सफरचंद खा, डाळिंब खा, बीट खा, दूध प्या." आणि वर टॉनिकची बाटली लिहून देत असे. एकदा एका मजूर बाईंनी मला सरळ सांगितले, "डॉक्टर, एक किलो सफरचंदाच्या पैशात आमच्या घरची आठवड्याची डाळ येते." मी गप्प झालो. त्यांचे म्हणणे पैशाच्या दृष्टीने खरे होतेच, शास्त्राच्या दृष्टीनेही खरे होते. सफरचंदात लोह फारच थोडे असते. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा निव्वळ गैरसमज आहे. दुधात लोह जवळजवळ नसते. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर आपला साधा पेरू सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे.

गुळाबद्दलही असेच. गुळात थोडे लोह असते, पण ते मिळवण्यासाठी जितका गूळ खावा लागेल तितका कोणी खाऊ नये. आणि मधुमेही माणसाला गूळ साखरेइतकाच वर्ज्य आहे. "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो," असे सांगणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात.

लोह पोटात जाते, पण अंगी लागत नाही

प्रौढ स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याचा थोडाच अंश रक्तात उतरतो. हा अंश वाढवणे आपल्या हाती आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

पहिली गोष्ट, जेवणात आंबट. वरण-उसळीवर लिंबू पिळावे, हिवाळ्यात आवळा खावा, जेवणासोबत पेरूची फोड घ्यावी. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. लिंबू नेहमी ताटात पिळावे, शिजताना नव्हे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

दुसरी गोष्ट, चहा जेवणापासून दूर. चहातील तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवते. जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा घेऊ नये. जेवून उठल्यावर लगेच "एक घोट" घेण्याची सवय असलेल्या बायकांचे रक्त वाढत नाही, याचे हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट, मोड आणि आंबवणे. मटकी, मूग, चवळी रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली की मोड येतात. त्यामुळे लोहाच्या आड येणारी द्रव्ये कमी होतात आणि 'क' जीवनसत्त्व तयार होते.

चौथी गोष्ट, लोखंडी कढई आणि तवा. माळ्यावर टाकलेली आजीची लोखंडी कढई पुन्हा खाली काढावी. तीत शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते. आंबट भाजी शिजवली तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर रंग आणि चव बिघडते.

एवढे करूनही, हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असेल तर केवळ आहाराने ते लवकर भरून येत नाही. त्यासाठी गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. गोळीने शौचास काळे होते, घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर मात्र घेऊ नये. आणि बरे वाटू लागले की लगेच बंद करू नये, शरीरातील साठा भरायला आणखी काही महिने लागतात. पोटात हुकवर्म जातीचे जंत असतील तर ते रक्त शोषतात, म्हणून जंताचे औषधही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि शेतात, परसात अनवाणी फिरू नये. भाजकी माती, पाटीची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते. अशा मुलीला रागावू नका, तिचे रक्त तपासा.

सासूबाईंचे ताट

सासूबाईंना वेगळा स्वयंपाक नको होता, आणि त्याची गरजही नव्हती. त्याच स्वयंपाकातून ताट वेगळे वाढायचे. चार चपात्यांऐवजी दोन भाकऱ्या, भात अर्धा, आणि उसळ-भाजी दुप्पट. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज चुकीचा आहे. तिनेही साखर वाढते, फक्त जरा सावकाश. चहा बिनसाखरेचा, आणि सोबत बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे.

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा जास्त नसावे. घरात याचा हिशोब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पुडी महिन्याच्या आत संपत असेल, तर हात जड आहे असे समजावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ वेगळेच. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असावे. ज्यांच्या मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आहार सुधारला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

पाच रुपयांचा हिशोब

"हे सगळं परवडायचं कसं?" हा पुढचा प्रश्न. सासूबाईंच्या घरी दोन नातवंडे आहेत. दोघांना रोज सकाळ-संध्याकाळ पाच रुपयांचा बिस्किटाचा किंवा कुरकुरीत खाऊचा पुडा लागतो. दिवसाला वीस रुपये, महिन्याला सहाशे. पाच-पाच रुपयांनी जातात म्हणून ते खर्चात दिसत नाहीत.

भाव कमी-जास्त होत असतात, पण आज सहाशे रुपयांत साधारण एक किलो शेंगदाणे, एक किलो मटकी आणि तीस अंडी येतात, वर लिंबासाठी काही उरतातही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस. पुड्यातून मुलांना मिळतो तो मैदा, साखर, तेल आणि मीठ. अंडे न खाणाऱ्या घरांनी त्या पैशात डाळ, हरभरे आणि सोयाबीन घ्यावे. तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ किंवा कडधान्य, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. धान्यात प्रथिनांचा जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात.

पालेभाजी महाग वाटते तेव्हा घोळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला आठवावा. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये, त्याने 'ब' जीवनसत्त्व जाते.

शेवटी जेवणारी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुद्दाम शेवटी सांगतो. त्या सुनेला मी विचारले, "ताई, तुम्ही जेवता कधी?" ती म्हणाली, "सगळ्यांचं झाल्यावर." तोपर्यंत उसळीतला दाणा संपलेला असतो आणि उरतो तो रस्सा. घरात मटकी शिजली, पण ज्या बाईला तिची सर्वांत अधिक गरज, तिच्या ताटात ती आलीच नाही! आहाराविषयी आपण कितीही भाषणे दिली, तरी हा क्रम बदलला नाही तर त्यांचा काही उपयोग नाही.

म्हणूनच आहारशिक्षण फक्त सुनेला देऊन भागत नाही. बाजार आणतो तो पुरुष, वाढण्याचा अधिकार सासूचा, आणि हट्ट नातवंडांचा. अंगणवाडीत पाककृतींचे प्रात्यक्षिक असेल तेव्हा सासूबाईंनाही बोलवावे, आणि घरच्या कर्त्या माणसालाही हे गणित समजवावे. गरोदर आणि स्तनदा मातांना, तसेच लहान मुलांना अंगणवाडीतून आहार मिळतो. तो त्यांचाच आहे, साऱ्या घरात वाटून संपवण्याचा नाही.

तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. सुनेचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या जवळ होते. गोळ्या तिने नेमाने घेतल्या होत्या. सासूबाईंची जखम भरली होती आणि साखर बरीच आटोक्यात आली होती. मी विचारले, "काय बदल केला?" सासूबाई म्हणाल्या, "फार काही नाही. आता मी वाढते, आणि हिला माझ्यासंगंच बसवते."

लक्षात ठेवा

• जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा नको. ताटात लिंबू हवे.
• तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ किंवा कडधान्य. आठवड्यातून निदान तीनदा मोडाची उसळ.
• पुड्यांचे पैसे महिनाभर वेगळ्या डब्यात टाकून पाहा. किती होतात ते कळेल.
• गूळ, बीट, सफरचंद ही रक्त वाढवण्याची औषधे नव्हेत.
• धाप, थकवा, चक्कर असेल तर हिमोग्लोबिन तपासा. तिशी ओलांडल्यावर रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासा.
• घरातल्या बाईने सर्वांबरोबर जेवावे.