🌼 शेवंती दिवस नाही, रात्र मोजते



शेवंतीचं झाड जोमदार आहे, पण कळीच धरत नाही, अशी तक्रार येते तेव्हा लगेच खत-औषधाकडे जाऊ नका. आधी रात्री प्लॉटवर एक चक्कर मारा.

*1) फूल कधी लागतं?*
दिवस मोठे असताना शेवंती फक्त पानं-फांद्या वाढवते. रात्री लांबू लागल्या की शेंड्याचं रूपांतर कळीत होतं. तिथून फूल उमलेपर्यंत जातीनुसार साधारण 7 ते 10 आठवडे लागतात. पण अंधार सलग हवा. मध्येच उजेड पडला, तर झाडाला रात्र लहानच वाटते. पॉलीहाऊसवाले फूल लांबवायला मुद्दाम रात्री बल्ब लावतात, ते याचसाठी.

*2) काय तपासायचं?*
👉 रस्त्याचा दिवा, मोटरघराचा बल्ब, गोठ्याचा फोकस प्लॉटवर पडतो का?
👉 अमावास्येच्या आसपास झाडाजवळ उभे राहा. दिव्यामुळे तुमची सावली स्पष्ट पडत असेल, तर उजेड जास्त आहे.
👉 दिव्याकडच्या ओळी हिरव्यागार आणि लांबच्या ओळींना कळ्या, असं दिसलं तर कारण उजेडच.
*उपाय:* आपला दिवा रात्री बंद ठेवा. रस्त्याचा दिवा असेल तर ग्रामपंचायतीला सांगून शेताच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करून घ्या. कळी उशिरा धरली, तर दसरा-दिवाळीचा बाजार हातचा जातो.

*3) शेंडा खुडणी*
लागवडीनंतर सुमारे 4 आठवड्यांनी शेंडा खुडा. बगलफुटी वाढतात, फुलंही वाढतात. कळी दिसू लागल्यावर मात्र खुडू नका; शेंड्याबरोबर कळीही जाते.

*4) पुढच्या वर्षीचं रोप*
शेवंतीचं एक फूल म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ. कडेची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल आहे. मधमाश्यांमुळे परपरागीभवन होतं, म्हणून बियांची रोपं आईसारखी निघत नाहीत. लागवड काश्यांपासूनच करा. बहार संपल्यावर झाड जमिनीलगत छाटा. बुडातून मुळ्यांसकट नवे फुटवे येतात, त्याच काश्या. आईच्या झाडाचा रोग काशीबरोबर येतो, म्हणून निरोगी, भरपूर फुललेल्या झाडांना *आत्ताच बहारात* रंगीत दोरी बांधून ठेवा. छाटणीनंतर सगळी झाडं सारखीच दिसतात.

शंका असल्यास दिवा आणि ओळी दोन्ही दिसतील असा फोटो काढून ग्रुपवर टाका. 🙏