पावसाच्या माहेरी पाण्याची टंचाई

ठाणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पूर्वेकडे शहापूर व मुरबाड हे दोन तालुके दिसतील. त्यांच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी आहे. पश्चिमेकडचा अरबी समुद्र सरळ रेषेत 50 ते 60 किलोमीटरवर आहे. येथे वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचे धरण तर 1892 साली पुरे झाले. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत येथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. असे का व्हावे?

प्रथम पाऊस पाहू. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीने अडवल्यामुळे ते वर चढतात. उंचीवर हवेचा दाब कमी असतो. म्हणून वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते. जादा बाष्पाचे जलबिंदू होऊन ढग बनतात व पाऊस कोसळतो. यालाच प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. माळशेज घाट ओलांडून जुन्नरच्या पूर्वेस गेल्यास पाऊस झपाट्याने कमी होतो. तो पर्जन्यछायेचा प्रदेश होय.

आता उन्हाळा घ्या. पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे मुंबईचे तापमान आटोक्यात ठेवतात. तापलेल्या जमिनीवरून आत येता येता त्यांचा गारवा ओसरतो. त्यामुळे मे महिन्यात मुरबाडचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि डबकी, ओढे लवकर आटतात.

परंतु टंचाईचे मुख्य कारण जमिनीत आहे. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो. उतार तीव्र असल्याने पाणी वेगाने नदीला मिळते. खाली बेसॉल्टचा कठीण कातळ आहे. त्यात पाणी फक्त भेगांतून व झिजलेल्या थरांतूनच मुरते, म्हणून विहिरींचा साठा थोडा असतो. जलाशय खोऱ्यात, तर पाडे उंचावर. तानसाचे पाणी उताराने मुंबईकडे जाऊ शकते. पाड्यावर मात्र ते उपसून चढवावे लागते.

मग उपाय कोणता? एक हिशेब करू. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, की 1 लिटर पाणी मिळते. 20 चौरस मीटरच्या छपरावर 2,000 मिलिमीटर पावसाचे 40,000 लिटर पाणी पडेल. त्यातील 10,000 लिटर जरी टाकीत साठवले, तरी रोज 200 लिटर वापरणाऱ्या कुटुंबाला ते 50 दिवस पुरेल. एप्रिल-मे जवळजवळ पार पडले! उतारावर आडवे चर खणले व झाडे राखली, तर विहिरींनाही अधिक पाणी मिळेल.

करून पाहा : सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा शाळेच्या मोकळ्या अंगणात ठेवा. रोज सकाळी ठरावीक वेळी त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. सप्टेंबरअखेर बेरीज करून शाळेच्या छपरावर किती लिटर पाणी पडले ते काढा. शिक्षकांनी हा आकडा फळ्यावर लिहावा आणि त्याशेजारी गावाला उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी लागते तेही लिहावे. दोन्ही आकड्यांवर वर्गात चर्चा करा.